अल्पवयीनाची जमीन आणि अल्पवयीनाचे शरीर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी टेनेसी राज्याचा एक कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. लिंगसंक्रमणासाठी, म्हणजे जन्माने मुलगा असून मुलगी म्हणून किंवा मुलगी असून मुलगा म्हणून जगण्यासाठी, १८ वर्षांखालील मुलांना वयात येणे रोखणारी औषधे किंवा संप्रेरके (हार्मोन) देण्यास हा कायदा मनाई करतो. निकाल तिकडचा, मुले तिकडची. तरीही तेव्हापासून आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींत, मग ते दांडिया बाजारातले चैत्रातले हळदीकुंकू असो की गणेशोत्सवाच्या वर्गणीची बैठक, हा विषय अधूनमधून निघतो आणि निघाला की दोनच सूर ऐकू येतात. हे विलायती खूळ आपल्या दारात येण्याआधीच कायदा करून कडी लावा, असे ज्येष्ठांपैकी बरेच जण म्हणतात. मूल स्वतः सांगते आहे ना, मग मधे बोलणारे तुम्ही कोण, असे तरुणांपैकी बरेच जण विचारतात. मला दोन्हींत सामील होता येत नाही, आणि का ते चार माणसांत उभ्या उभ्या सांगणे जमत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी बडोद्यात वकिली करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कामे वारसाहक्काची, पालकत्वाची आणि अल्पवयीनांच्या मालमत्तेची असतात. मी डॉक्टर नाही आणि माझ्या घरात असे मूल नाही, तेव्हा जे लिहिते आहे ते माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या आई-वडिलांकडे पाहून आणि कायद्याची पुस्तके चाळून. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे की नाही ते ज्याचे त्याला ठरवता येईल. १८ वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया नको. १६ वर्षांपूर्वी संप्रेरके नकोत. १६ ते १८ या दोन वर्षांत दिली तर कडक तपासणीनंतरच. वयात येणे रोखणारी औषधे, द्यायचीच झाली तर, मुलाची पुढची अनेक वर्षे नोंद ठेवणाऱ्या मोठ्या रुग्णालयातच, आणि तीही विरळा. मात्र डॉक्टरला तुरुंगात टाकणारी सरसकट बंदी नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परत न फिरणाऱ्या कोणत्याही पावलावर शेवटची सही केवळ आई-वडिलांची नसावी.

हे शेवटचे वाक्य पुष्कळांना खटकेल. आपल्या मुलाचे भले आई-वडिलांहून अधिक कोणाला कळणार? पण हाच प्रश्न जमिनीबाबत आपण कधी विचारत नाही. आजोबांनी मृत्युपत्राने नातवाच्या नावावर वाघोडियाकडची दोन एकर जमीन केली असेल आणि नातू दहा वर्षांचा असेल, तर १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याप्रमाणे त्याच्या सख्ख्या बापालासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, गहाण टाकता किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाड्याने देता येत नाही. बाप कितीही सज्जन असला, पैसा मुलाच्या शिक्षणासाठीच लागणार असला, तरी अर्ज करावा लागतो, व्यवहार गरजेचा आहे किंवा मुलाच्या उघड हिताचा आहे हे दाखवावे लागते, आणि न्यायाधीशांचे समाधान झाले तरच परवानगी मिळते. परवानगीवाचून केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते. ही व्यवस्था बापावरच्या अविश्वासातून आलेली नाही. बाप अडचणीत असू शकतो, घाबरलेला असू शकतो, भावकीच्या दडपणाखाली असू शकतो आणि त्या क्षणी मुलाच्या हिताची व स्वतःच्या सुटकेची सरमिसळ होऊ शकते, हे जाणणाऱ्या माणसांनी ती केली आहे. सातबाऱ्यावरच्या नावाला एवढे संरक्षण, आणि त्या मुलाच्या प्रजननक्षमतेला मात्र छापील फॉर्मवरची एक सही पुरते, ही विसंगती मला वर्षानुवर्षे बोचत आली आहे.

शरीराबाबत आपला कायदा विखुरलेला आहे. १२ वर्षांखालील मुलाची संमती ही संमतीच नव्हे, आणि त्याच्या भल्यासाठी पालक संमती देऊ शकतात, हे जुन्या दंड संहितेत होते व २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही आहे. सज्ञानतेचे वय १८. मधल्या सहा वर्षांतल्या मुलाचा उपचारांना होकार किंवा नकार किती वजनाचा, यावर कायदा स्पष्ट बोलत नाही; रुग्णालये सावधगिरी म्हणून १८ पर्यंत पालकांची सही घेतात आणि विषय संपतो. साधारण याच वर्षांत शरीर वयात येते आणि हा सारा पेच उभा राहतो.

उपचार म्हणजे काय याविषयी आमच्या बैठकांत जे बोलले जाते त्यातले निम्मे ऐकीव असते. लिंगसंक्रमणासाठी लहान मुलांवर कोणी सुरी चालवत नाही. वयात येण्यापूर्वीच्या मुलासाठी कोठेही औषध सुचवलेले नाही. पहिली वैद्यकीय पायरी येते ती वयात येण्याची सुरुवात झाल्यावर, आणि ती म्हणजे ल्यूप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन यांसारखी इंजेक्शने, जी मेंदूकडून जननग्रंथींना जाणारा निरोप अडवतात. ही औषधे नवी नाहीत. मुलगी आठव्या वर्षाआधी किंवा मुलगा नवव्या वर्षाआधी वयात येऊ लागला तर आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही ती देतात, पण तेथे योग्य वय आले की ती बंद करायची असतात आणि शरीर आपल्या वाटेने पुढे जाते. लिंगसंक्रमणात तीच औषधे वेगळ्या हेतूने, वेगळ्या वयात दिली जातात, आणि एका वापरातला भरवसा दुसऱ्या वापराला आपोआप लागू होत नाही. दुसरी पायरी संप्रेरकांची. टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो आणि दाढी येते, इस्ट्रोजेनने स्तनांची वाढ होते, आणि औषध थांबवल्याने हे बदल मागे जात नाहीत. तिसरी पायरी शस्त्रक्रियेची.

या तीन पायऱ्यांना १२, १६ आणि १८ अशी वये नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकापासून घालून दिली. ती पद्धत जगभर गेली, मात्र तिचा आधार फार थोड्या आणि काळजीपूर्वक निवडलेल्या मुलांचा होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बहुचर्चित अभ्यासात ५५ तरुण होते. लहानपणापासूनची तीव्र अस्वस्थता, घरच्यांचा पाठिंबा आणि दुसरा गंभीर मानसिक आजार नसणे, अशा अटींतून पार झालेली ही मुले होती. पुढे काय झाले ते ब्रिटनमध्ये दिसले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील, मुलांच्या लिंगओळखीसंबंधीच्या सेवेकडे २०११-१२ मध्ये पाठवलेल्या मुलांची संख्या २५० च्या आत होती. २०२१-२२ मध्ये ती ५००० च्या वर गेली. पूर्वी येणाऱ्यांत मुलगे म्हणून जन्मलेली मुले अधिक असत, आता मुली म्हणून जन्मलेली किशोरवयीन मुले अधिक येऊ लागली, आणि त्यांपैकी अनेकांना नैराश्य, स्वमग्नता, खाण्याचे विकार अशा आणखी तक्रारी होत्या. ५५ निवडक मुलांवरून काढलेला निष्कर्ष या सर्वांना लावणे कितपत रास्त, हा प्रश्न तेथे कोणा धर्मगुरूने विचारला नाही. तो बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या समितीने विचारला. त्यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. वयात येणे रोखणाऱ्या औषधांच्या फायद्याचा पुरावा दुबळा आहे, संप्रेरके १८ आधी देताना अतिशय सावध राहावे, आणि औषधांचा अभ्यास रीतसर संशोधनाच्या चौकटीत व्हावा, असे त्यात म्हटले आहे. फिनलंडने २०२० साली आणि स्वीडनने २०२२ साली साधारण अशाच कारणांनी हात आखडता घेतला होता.

माझ्या मनावर सर्वाधिक परिणाम केला तो मात्र ब्रिटनमधल्याच एका छोट्या अभ्यासाने. १२ ते १५ वयाच्या ४४ मुलांना ही रोखणारी औषधे दिली गेली आणि त्यांपैकी ४३ जण पुढे संप्रेरकांकडे गेले. याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. निवड अचूक झाली होती, असा एक. विचार करायला वेळ मिळावा म्हणून दिलेल्या औषधाने वाटच ठरवून टाकली, असा दुसरा. दोहोंतला खरा कोणता हे ४४ मुलांवरून ठरत नाही. पण 'हे तर नुसते थांबणे आहे, केव्हाही मागे फिरता येते' असे आई-वडिलांना सांगून सही घेणे यानंतर प्रामाणिकपणाचे राहत नाही. अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर औषध सुरू करून थेट संप्रेरकांकडे गेल्यास अंडी किंवा शुक्राणू परिपक्वच होत नाहीत. तेराव्या वर्षी 'मला मुले नकोतच' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे, कारण तेव्हा ते खरेच असते. तिसाव्या वर्षीचे त्या व्यक्तीचे उत्तर त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे, जे आमच्या ज्येष्ठांपैकी कोणी ऐकूनच घेत नाही. थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. आपण थांबलो तरी शरीर थांबत नाही. मुलगी म्हणून जगू पाहणाऱ्या मुलाचा आवाज एकदा फुटला की औषधाने तो परत येत नाही, कंठमणी आणि खांद्यांची रुंदी आयुष्यभर राहते, आणि पुढे रस्त्यावर, बसमध्ये, नोकरीच्या मुलाखतीत लोक त्यावरूनच ओळखतात व छळतात. म्हणजे परत न फिरणारे पाऊल डॉक्टरच टाकतात असे नाही, निसर्गही टाकतो. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी सरसकट बंदीच्या विरोधात आहे. स्वीडन किंवा फिनलंडने हेच केले: वैद्यकीय यंत्रणेने दार अरुंद केले, अपवाद ठेवला. कॅस अहवालावरही टीका झाली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याचे स्वतंत्र मूल्यमापन करायचे ठरवले, आणि जर्मन भाषक देशांतल्या वैद्यकीय संघटनांच्या २०२५ च्या मार्गदर्शिकेने प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करून औषधांना वाव ठेवला. डॉक्टरांत एवढा मतभेद असताना विधानसभेने हात वर करून औषधशास्त्र ठरवावे, हे मला पटत नाही. जी औषधे लवकर वयात येणाऱ्या मुलाला चालतात तीच दुसऱ्याला दिली म्हणून गुन्हा, अशी कलमे लिहायला सोपी असतात. ती राबवली जाऊ लागली की डॉक्टर अशा मुलाला तपासायलाच घाबरतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी थांबवावी: 'उपचार दिला नाही तर मूल जीव देईल' असे आई-बापांना सांगणे. अशा मुलांत निराशा आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, हे खरे आहे, आणि त्याकडे तातडीने लक्ष द्यायलाच हवे. पण ब्रिटनमध्ये औषधे थांबवल्यावर आत्महत्या भराभर वाढल्याचा दावा झाला तेव्हा सरकारचे आत्महत्या-प्रतिबंध सल्लागार लुई ॲपलबी यांनी २०२४ मध्ये आकडे तपासून सांगितले, की आकडेवारी त्या दाव्याला आधार देत नाही. गळ्यावर सुरी ठेवून घेतलेल्या संमतीला कायद्यात काय किंमत असते हे मी वेगळे सांगायला नको.

मध्यंतरी एक जोडपे माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. पंधरा वर्षांचे मूल, जन्माने मुलगी. पाळीच्या दिवसांत शाळेत जात नाही, आरशासमोर उभे राहत नाही, स्वतःला मुलाच्या नावाने हाक मारायला सांगते. आईने विचारले, "ताई, आम्ही दोघांनी सही दिली तर मग अडचण कसली?" मी विचारले, मुलाला नेमके काय हवे आहे? तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न मुलाला घरात कोणी नीट विचारलाच नव्हता. वडील म्हणाले, "एकदाचे काय ते ठरले म्हणजे नातेवाइकांना सांगता येईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. नंतर मुलाशी स्वतंत्रपणे बोलले तेव्हा त्याने जे मागितले ते असे: शाळेत पँट घालू द्या, केस कापू द्या, आणि पाळीविषयी कोणातरी डॉक्टरशी आईसमोर न बसवता बोलू द्या. संप्रेरकांचे नाव त्याने इंटरनेटवर वाचले होते, पण 'ते मोठा झाल्यावर बघू' असे तेच म्हणाले. मुलाने मागितलेल्या तिन्ही गोष्टींना वयाची अट नाही आणि तिन्ही उद्या मागे घेता येतात. तिन्ही नाकारल्या गेल्या होत्या, आणि जे मागे घेता येत नाही त्यावर सही करायला मात्र आई-वडील तयार होते. सगळी घरे अशी नसतील. पण पालकांच्या सहीच्या मागे काय काय असू शकते हे मी जमिनीच्या अर्जांत पाहिले आहे, आणि ते येथेही आहे.

आपल्या देशात खरी अडचण मुलांना घाईने औषधे देणारी रुग्णालये ही नाही. अडचण अशी, की मुलाला कोठे न्यायचे हेच कोणाला ठाऊक नसते. मग कोणी देवऋषाकडे नेतो, कोणी 'लग्न लावा, सुधारेल' म्हणतो, आणि कोणी मुलाला 'सरळ' करून देणाऱ्या डॉक्टरकडे नेतो, जरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. जे मूल घरात टिकत नाही ते निघून जाते. गुजरातेत राहणाऱ्यांना बहुचराजीचे देऊळ माहीत आहे, त्या देवीला मानणारा पवैया (गुजरातेतला तृतीयपंथी) समाज माहीत आहे. त्या समाजाने घराबाहेर काढलेल्या कितीतरी मुलांना शतकानुशतके आसरा दिला, याबद्दल मला आदरच आहे. पण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि दाईच्या हातून होणारे निर्वाण, म्हणजे लिंगविच्छेद, हेही त्याच वाटेवर भेटतात, आणि तेथे कोणी वय विचारत नाही, कोणी रक्त तपासत नाही. उद्या आपण टेनेसीसारखा कायदा केला तर तो रुग्णालयांना लागू होईल. दाईला त्याचा पत्ताही लागणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या योजनेतले गरिमा गृह, म्हणजे पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींसाठीचे निवारागृह, आपल्या बडोद्यातच सुरू झाले ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तेथील निवारा प्रौढांसाठी आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा सांगतो की केवळ पारलिंगी आहे म्हणून न्यायालयाच्या आदेशाविना मुलाला आई-वडिलांपासून वेगळे करू नये. हेतू चांगला आहे. पण घरच नको असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने जायचे कोठे?

शाळांचे तर विचारूच नका. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे याची शिक्षकांसाठीची एक पुस्तिका एनसीईआरटीने २०२१ मध्ये तयार केली, आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून काढून टाकली. औषधांना घाई नको म्हणणाऱ्यांनी निदान त्या पुस्तिकेसाठी तरी उभे राहायला हवे होते.

आणि जे म्हणतात की मूल संमती देऊ शकत नाही म्हणून त्याच्या लिंगाला हात लावू नका, त्यांना माझा एक प्रश्न आहे. जन्मतः ज्यांचे जननेंद्रिय स्पष्टपणे मुलाचे किंवा मुलीचे नसते अशा आंतरलिंगी अर्भकांवर, जिवाला धोका नसतानाही, केवळ 'एक काहीतरी करून टाका' या आग्रहापायी शस्त्रक्रिया होतात, तेव्हा तुमचा आवाज का निघत नाही? तेथे तर मुलाने काही मागितलेलेही नसते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर बंदी आणण्यास सांगितले आणि तमिळनाडूने त्याच वर्षी आदेश काढला. केरळ उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये सात वर्षांच्या मुलाचे आई-वडील अशा शस्त्रक्रियेची परवानगी मागत आले, तेव्हा मुलाच्या संमतीविना ती करणे त्याच्या प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा भंग ठरेल असे न्यायालयाने म्हटले. माझ्या दृष्टीने हा निकाल टेनेसीच्या निकालापेक्षा आपल्याला अधिक जवळचा आणि अधिक उपयोगाचा आहे. त्यात मोजमाप मुलाच्या वयाचे नाही, पाऊल परत फिरू शकते की नाही याचे आहे, आणि तेच माप पारलिंगी किशोराला, आंतरलिंगी अर्भकाला आणि घाबरलेल्या आई-बापांना सारखेच लावता येते.

घरातल्या गोष्टीत सरकार आणि न्यायालय कशाला, असे म्हणणाऱ्यांना मराठी माणसाने तरी १८९१ ची आठवण द्यावी. संमतिवय दहावरून बारावर नेताना पुण्यात किती वादळ उठले, टिळक कोणत्या बाजूला होते आणि आगरकर कोणत्या, हे आपण शाळेत शिकलो. आणि बडोदेकरांनी तर १९०४ विसरूच नये: सयाजीरावांनी आपल्या संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ ही वये ठरवली. आज ती वये फार कमी वाटतात, आणि दंड भरून लग्ने लावणारेही पुष्कळ निघाले. तरी मुलाच्या आयुष्याचा न फिरणारा निर्णय ही केवळ बापाची खासगी बाब नाही, हे तत्त्व या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजले.

तेव्हा माझी सूचना जमिनीच्या कायद्यातूनच येते. नाव, पोशाख, केस, समुपदेशन, पाळीच्या त्रासावरचे साधे उपचार: यांसाठी कोणाची परवानगी नको, शाळेची तर अजिबात नको. १८ आधी परत न फिरणारे काही करायचे असेल तर जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या वैद्यकीय मंडळाने पाहावे. त्यात बालरोग अंतःस्रावतज्ज्ञ (मुलांच्या संप्रेरकांचे डॉक्टर) आणि मानसोपचारतज्ज्ञ असावेत, निदान एक डॉक्टर उपचार करणाऱ्या रुग्णालयाबाहेरचा असावा, मुलाशी आई-वडिलांना बाहेर बसवून बोलणे सक्तीचे असावे, आणि मंडळाचा अहवाल जिल्हा न्यायालयासमोर यावा, जसा जमिनीच्या विक्रीचा अर्ज येतो.

यावर माझ्याच एका तरुण सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: न्यायालयात तारखा पडत जातील आणि तोवर मुलाचा आवाज फुटून जाईल; म्हणजे परवानगीच्या नावाखाली ही बंदीच झाली. आपल्या न्यायालयांची गती पाहता हे खोटे म्हणता येत नाही. पण गर्भपाताच्या कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे अशी मुदत आहे. शरीराचे घड्याळ थांबत नाही हे ओळखून मुदत घालणे आपल्याला जमले आहे. येथे तीन दिवस नकोत, मुलाला समजून घ्यायला वेळ हवाच. मंडळाला तीन महिने आणि न्यायालयाला त्यानंतर दोन महिने, बंद दाराआड सुनावणी, नावे गुप्त, असे नियम लिहिता येतील. न्यायालयाने मुदतीत निर्णय दिला नाही तर काय मानायचे, परवानगी की नकार, यावर आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही. माझे मत, औषध परत फिरणारे असेल तर परवानगी आणि नसेल तर नकार.